सेंट्सच्या खेळाडूंना खरंच वर्षभराची बंदी भोगावी लागली का?

अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघाचं 'बाउंटी' प्रकरण निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: प्रतिस्पर्ध्याला जखमी करायला पैसे घेणारे खेळाडू वर्षभर घरी बसले. हे खरं नाही.

मार्च 2012 मध्ये लीगने जाहीर केलं की 2009 ते 2011 या काळात संघात रोख बक्षिसांची थैली होती. समोरचा खेळाडू स्ट्रेचरवरून बाहेर गेला तर 1000 डॉलर, सामन्यात परतलाच नाही तर 1500. बचावपटू जोनाथन व्हिल्मावर तर प्रतिस्पर्धी मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ब्रेट फार्व्ह याला सामन्याबाहेर काढणाऱ्याला 10,000 डॉलर देऊ केल्याचा आरोप होता. तो त्याने कायम नाकारला. जानेवारी 2010 मध्ये सेंट्सविरुद्धच्या त्या सामन्यात फार्व्हचा घोटा दुखावला, तरी पट्टी बांधून, लंगडत तो खेळत राहिला. ते दृश्य आजही पाहवत नाही.

व्हिल्माला पूर्ण हंगामाची आणि आणखी तिघांना काही सामन्यांची बंदी जाहीर झाली, हे बरोबर. पण सप्टेंबरमध्ये अपील समितीने ती उठवली. लीगने बंद्या पुन्हा लावल्या, तेव्हा लीगचे माजी आयुक्त पॉल टॅग्लियाब्यू यांनी 11 डिसेंबर 2012 रोजी चौघांच्याही बंद्या रद्द केल्या. तिघांचं वर्तन त्यांनी गैरच ठरवलं, मात्र मुख्य दोष प्रशिक्षकांच्या पदरात टाकला.

हंगामभर बाहेर बसले ते मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन. संघाला 5 लाख डॉलर दंड झाला, नवे खेळाडू निवडण्याच्या 'ड्राफ्ट'मधल्या दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी गेल्या. त्याच काळात जिंकलेलं सुपर बोलचं, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचं, विजेतेपद मात्र कुणीही काढून घेतलं नाही.