शिवाजी पार्कच्या जुन्या इमारती आणि २०१२ची वारसा यादी

शिवाजी पार्कच्या जुन्या इमारतींची नोंद व्हावी, त्यांतल्या निदान काही टिकाव्यात, असं म्हणणारे रहिवासी आज बरेच भेटतात. २०१२च्या ऑगस्टमध्ये हेच वाक्य भर सभेत उच्चारणं अवघड होतं. परिसरातल्या जतनाच्या कामाला आज जे वळण आहे, ते त्या पावसाळ्यातल्या वादातून आलेलं आहे.

मैदान आधीचं, वस्ती नंतरची. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते, झाडं, दोन इमारतींमध्ये सक्तीची मोकळी जागा अशी आखीव वस्ती करायची रीत पडली. १९२५ साली महापालिकेने मैदान खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ साली शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, एका नगरसेविकेच्या आग्रहावरून, ते शिवाजी पार्क झालं. भोवतीच्या इमारती बहुतेक १९३० आणि ४०च्या दशकांतल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, क्रिकेटची नेट्स, १९६६पासूनचा दसरा मेळावा हा भाग सर्वांना ठाऊक आहे.

इमारतींच्या बाबतीत निर्णायक ठरले ते कायदे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्या भाड्यात डागडुजी परवडेना, म्हणून मालकांनी हात आखडता घेतला. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी त्यांच्यावर उपकर सुरू झाला, दुरुस्तीची जबाबदारी सरकारी मंडळाकडे गेली आणि १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात आल्या. पार्कातल्या अनेक इमारती नेमक्या या वर्गातल्या. पागडी पिढ्यान्‌पिढ्या चालत होती, तिला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९च्या भाडे कायद्याने. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी विकास नियमावलीत ३३(७) हे कलम होतं आणि २०११च्या मे महिन्यात त्याखालचा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, अडीचवरून तीनवर गेला. गळक्या गच्चीखाली आणि टेकू लावलेल्या बाल्कनीत वर्षानुवर्षं राहिलेल्या भाडेकरूला पहिल्यांदाच स्वतःच्या मालकीचं, लिफ्ट असलेलं घर दिसू लागलं. जिल्हाभर बिल्डरांच्या बैठका सुरू झाल्या होत्या असं नव्हे, पण पार्काच्या गल्ल्यांत बोलणी नक्कीच चालू होती.

आणि त्यानंतर सव्वा वर्षाने, ३१ जुलै २०१२ रोजी, महापालिकेची प्रस्तावित वारसा यादी आली.

मुंबईत वारसा नियमावली १९९५ सालापासून लागू आहे. देशातली ती पहिली. मूळ यादीत सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर होते, भर दक्षिण मुंबईवर होता. २०१२च्या प्रस्तावात आणखी नऊशेहून अधिक नोंदींची भर पडली आणि त्यात दादर-माटुंग्याच्या वसाहतींसोबत शिवाजी पार्क होतं. मैदानासाठी पहिली, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाची श्रेणी सुचवलेली होती. भोवतालच्या इमारती एकेकट्या नव्हे, तर एकत्रित परिसर म्हणून घेतल्या होत्या.

सगळा गोंधळ याच ठिकाणी झाला. परिसर म्हणून नोंद करताना प्रत्येक इमारत अजोड आहे असा दावा नसतो. एकसारखी उंची, रस्त्यापासून सोडलेलं अंतर, ओळीने येणाऱ्या गोलाकार बाल्कन्या, या साऱ्यांचा मेळ जपायचा असतो. एकट्या पाहिल्या तर त्यातल्या कित्येक इमारती साध्या वाटतील. दहा एका ओळीत उभ्या राहिल्या की त्यांचं म्हणणं समजतं. हे समजावून सांगायला रहिवाशांपर्यंत कोणी आलं नाही. लोकांना यादी वर्तमानपत्रांतून कळली, हरकती-सूचनांना महिन्याची मुदत होती आणि गल्लोगल्ली पसरलं ते एवढंच, की आता खिळा ठोकायलाही परवानगी लागेल. नियम तसे नव्हते. खालच्या श्रेणीत बदलांना, काही अटींवर पुनर्बांधणीलाही वाव होता. पण परवानगीसाठी आणखी एक समिती, आणखी एक फाइल, हे खरंच होतं, आणि ज्यांची इमारत टेकूवर उभी आहे त्यांच्यासाठी एक वर्षाचा उशीरही जीवघेणा असतो.

माझ्या मते चूक यादी करण्यात नव्हती. क्रम चुकला. नुकसानभरपाई म्हणून टीडीआरची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूद नियमावलीत होती, पण टीडीआर मिळणार मालकाला. पागडीच्या भाडेकरूच्या पदरात त्यातून काय पडणार, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी नव्हता. जतनाचा खर्च जपणाऱ्यावर आणि समाधान साऱ्या शहराला, अशी मांडणी झाल्यावर सभा पेटल्या, स्थानिक नेत्यांनी रहिवाशांची बाजू उचलून धरली आणि ‘हेरिटेज’ या शब्दाचीच परिसरात धास्ती बसली. त्या सभांत विरोध करणाऱ्यांना बिल्डरांचे हस्तक म्हणून मोडीत काढलं गेलं, हा त्यांच्यावर मोठा अन्याय होता.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मैदानात बाळासाहेब ठाकरे यांचं स्मारक करण्याची मागणी पुढे आली, तेव्हा मैदान मोकळं राहावं म्हणणाऱ्यांना पहिल्या श्रेणीच्या प्रस्तावाचा आधार घ्यावासा वाटला. ऑगस्टमध्ये नकोशी झालेली यादी काही महिन्यांतच काहींना हवीशी झाली. स्मारकासाठी पुढे समुद्रालगतचा महापौर बंगला निवडला गेला. तो स्वतः वारसा यादीतला, म्हणून त्याला धक्का न लावता मुख्य दालनं जमिनीखाली घेण्याचा मार्ग निघाला.

प्रस्तावित यादीवरच्या सुनावण्या लांबत गेल्या आणि तोवर गल्ल्यांचं रूप पालटू लागलं. नव्या टॉवरची उंची डोळ्यांत भरते, पण मोठा फरक पायथ्याशी पडतो. जुन्या इमारतीत तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची बाल्कनी रस्त्यावरून हाक ऐकू जाईल इतकी जवळ असे. आता खालचे मजले पार्किंगचे, वर राहणाऱ्याला रस्ता फक्त दिसतो.

रहिवाशांच्या छोट्या गटांचं काम या टप्प्यावर बदललं. इमारत वाचवा म्हणण्याऐवजी ती जाण्याआधी नोंदवून ठेवा, असा सूर आला. रविवार सकाळच्या वारसा फेऱ्या, आजी-आजोबांच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण, कपाटातल्या फोटोंचं स्कॅनिंग, इमारतींची सूची. यात पाहायचं काय, तर जिना. पायऱ्यांना मोझॅक, कडेला काळी पट्टी, वळणावर गुळगुळीत झालेला लाकडी कठडा, उभ्या लांब खिडकीतून तिन्ही मजल्यांवर पडणारा उजेड. बाहेर खिडक्यांवरून पुढे आलेले सिमेंटचे छज्जे, ग्रिलमध्ये उगवत्या सूर्याची किरणं आणि दर्शनी भिंतीवर प्लास्टरमध्ये उठवलेलं इमारतीचं नाव. ही अक्षरं तर आवर्जून टिपावीत, कारण ती इमारतीसोबतच जातात आणि नव्या फाटकावर त्यांच्या जागी स्टीलची पाटी लागते.

३० जून २०१८ रोजी दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको (१९३०-४०च्या दशकांतली, गोलाकार बाल्कन्यांची शैली) वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ओव्हल मैदानाभोवतीच्या नागरिकांच्या संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. पार्क त्या सीमेत नाही. पण आपल्या बाल्कन्याही त्याच घराण्यातल्या आहेत हे लोकांना कळलं आणि २०१२ साली ताठर झालेली काही मंडळी फेऱ्यांना येऊ लागली.

मैदानापुरतं पाहिलं तर जतन म्हणजे रोजची झटापट. २०१० साली उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला तो रहिवाशांच्या चिकाटीमुळे. खेळाव्यतिरिक्त मैदान किती दिवस द्यायचं, यावर वाद होत राहिले. लाल मातीच्या धुळीचा प्रश्न तर हिवाळा आला की पुन्हा उभा राहतो आणि इथे वृद्धांच्या छातीचा विचार आधी व्हावा, याबाबत गटांत मतभेद नाहीत.

इमारतींबाबत मात्र ठोस असं एक पाऊल अजून बाकी आहे. पाडकामाच्या परवानगीसोबत वास्तूची मोजमापं आणि छायाचित्रं महापालिकेकडे जमा करणं बंधनकारक करता येईल. त्यासाठी कोणाचा पुनर्विकास अडत नाही, रहिवासी घर रिकामं करताना दोन-चार दिवस पुरतात.