व्हेंडरचे १२ आठवडे, आपले २८

कोटेशनमध्ये एक ओळ असते: ‘डिलिव्हरी १२ आठवडे’. प्लॅनिंगवाला ती उचलतो आणि वेळापत्रकात ‘लीड टाइम’च्या रकान्यात १२ लिहून मोकळा होतो. बैठकांमध्ये हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण डिलिव्हरीचा काळ व्हेंडरच्या घड्याळावर चालतो आणि लीड टाइम प्रकल्पाच्या.

व्हेंडरचं घड्याळ कधी सुरू होतं, ते कोटेशनच्या अटींत बारीक अक्षरांत दडलेलं असतं. पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) मिळाल्यावर, अॅडव्हान्स जमा झाल्यावर की ड्रॉइंग मंजूर झाल्यावर? बहुतेकदा यांतलं जे शेवटी होईल ते. ते थांबतं कुठे, हेही बघावं. अट एक्स-वर्क्स असेल तर माल स्वतःच्या कारखान्यात तयार ठेवला की व्हेंडर सुटला. पुढचे ट्रक, जहाज, कस्टम्स सगळं आपल्या गळ्यात. लीड टाइमची मोजणी मात्र ‘ही वस्तू लागणार’ असं कळतं तिथपासून सुरू होते आणि वस्तू तपासून, बसवण्याजोगी साइटवर हाती आली की संपते.

एक पंप घेऊ, आकडे उदाहरणापुरते. स्पेसिफिकेशन पक्कं करायला २ आठवडे, कोटेशनं यायला ३, तांत्रिक बाजू आणि दर यांची तुलना २, मंजुरी आणि पीओ १. झाले ८, आणि व्हेंडरने अजून एक बोल्टही आवळलेला नाही. मग ड्रॉइंग पाठवायला त्याला २, तपासून परत द्यायला आपल्याला २. आता कुठे त्याचे १२ सुरू होतात. शेवटी इन्स्पेक्शन १, वाहतूक २, आवक तपासणी १. एकूण २८. पंप ४०व्या आठवड्यात हवा असेल तर काम १२व्या आठवड्यात सुरू व्हायला हवं. रकान्यात १२ लिहिणारा २८व्या आठवड्यात जागा होतो, १६ आठवडे उशिरा.

यात व्हेंडर कराराप्रमाणे अगदी वेळेवर असतो, ही खरी बोचणारी गोष्ट. उशिराचा दंड लागतो तो डिलिव्हरीच्या तारखेला. आपल्याच टेबलावर पडून राहिलेल्या ड्रॉइंगला कोण दंड करणार? तरी फोन मात्र रोज व्हेंडरलाच जातात.

दुसरा गोंधळ किमतीचा. महाग वस्तूवर सगळ्यांचं लक्ष असतं, स्वस्त वस्तू ‘मिळेल कुठेही’ म्हणून सोडून दिली जाते. ८ जुलै २००७ रोजी बोइंगने ७८७ विमान थाटात जगापुढे आणलं, तेव्हा त्यात बरेच फास्टनर, म्हणजे भाग जोडणारे बोल्ट-रिव्हेट, तात्पुरते बसवलेले होते. खऱ्या फास्टनरचा तुटवडा होता. पहिलं उड्डाण त्याच वर्षी व्हायचं होतं, ते झालं १५ डिसेंबर २००९ला. उशिराची कारणं बरीच होती, एकट्या फास्टनरवर खापर फोडणं बरोबर नाही. पण एवढ्या मोठ्या विमानाच्या वाटेत इतकी बारीक वस्तू आडवी येऊ शकते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग सगळंच आधी मागवून ठेवावं का? तेही महागात पडतं. वॉरंटीची अट पुष्कळदा अशी असते: चालू केल्यापासून १२ महिने किंवा डिस्पॅचपासून १८ महिने, यांतलं जे आधी संपेल ते. पंप वर्षभर आधी आणून शेडमध्ये ठेवला, तर चालू झाल्यावर वॉरंटीचे जेमतेम सहा महिने उरतात. म्हणून प्रत्येक वस्तूसमोर आधी ‘साइटवर कधी हवी’ ती तारीख लिहावी आणि तिथून मागे मोजत यावं. ज्या कामाला वेळापत्रकात फ्लोट, म्हणजे मागे सरकायला मोकळा वेळ, आहे, त्याच्या मालाला थोडा उशीर झाला तरी खपतो. क्रिटिकल पाथवरच्या, म्हणजे जिथे उशीर झाला की अख्खा प्रकल्प लांबतो अशा कामांच्या साखळीतल्या, पंपाला ती मुभा नाही. त्याचं ड्रॉइंग ज्या टेबलावर आहे, फोन आधी तिथे गेला पाहिजे.