शाळेचं गॅदरिंग: आवाज वाढला, रिवाज तेच राहिले

डिसेंबर लागला की नागपुरात दोन हंगाम एकदमच सुरू होतात, एक विधिमंडळाच्या अधिवेशनाचा आणि दुसरा शाळांच्या गॅदरिंगचा. या दुसऱ्या हंगामात पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो. आवाज सोसत नसेल तर करायचं काय? दुसऱ्यांच्या लेकरांचा नाच चालू असताना उठून बाहेर जावं का? कानांवर हात ठेवलेले बाईंनी पाहिले तर त्यांना काय वाटेल? हा संकोच आला कुठून, हे पाहायचं तर भोंग्याच्याही आधी जावं लागतं.

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं, तेव्हा हजारोंच्या मांडवात वक्त्याची भिस्त स्वतःच्या गळ्यावर होती. राजकीय सभांमध्ये ध्वनिक्षेपक रुळले ते पुढच्या दशकात. काँग्रेसच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते, ती मुंबईच्या मोटवाने यांची कंपनी. संगीत नाटकवालेही तोवर शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या आवाजानेच पोचत होते. अशा काळात श्रोत्याने चूप बसणं, मध्येच न उठणं, बाळ रडलं तर लगेच बाहेर नेणं हे अगदी रास्त होतं, कारण एका खोकल्यात अख्खं वाक्य बुडायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनानेही हेच रिवाज उचलले. पेटी-तबला, विंगेत उभ्या राहून सूर धरणाऱ्या बाई आणि समोर श्वास रोखून बसलेले पालक. टाळ्या मात्र जोरात, कारण पोराच्या बिचकलेल्या आवाजाला तेवढाच आधार.

मग बिछायत केंद्राच्या बिलात खुर्च्या-सतरंज्यांबरोबर कर्णा आला. कर्णा कर्कश खरा, पण त्याला बेस नव्हता. छातीत धडधड व्हायची नाही. पुढे कॅसेट आली, ‘रेकॉर्ड डान्स’ आला आणि मुलांचा स्वतःचा आवाज हळूहळू कार्यक्रमातून निघूनच गेला. आता नाटुकल्याचे संवादसुद्धा कित्येक ठिकाणी आधी रेकॉर्ड करून पेन ड्राइव्हवर येतात आणि मुलं फक्त ओठ हलवतात. खरी कलाटणी मिळाली ती कर्ण्याच्या जागी टॉप आणि बेसच्या स्पीकरचे खोके आले तेव्हा. विसर्जनाला, लग्नाच्या वरातीत जो सेट वाजतो, त्याच्याच भाईबंदांपैकी एखादा डिसेंबरात शाळेच्या पटांगणावर येतो. धुमाल आणि संदल या रस्त्यावर दणदणणाऱ्या वाद्यपथकांच्या या शहरात साउंडवाल्याचा कान रस्त्याला सरावलेला असतो. ‘थोडा कमी करा’ म्हटलं तर तो थोडासाच कमी करतो.

बसण्याची व्यवस्था मात्र जुनीच राहिली. पहिल्या दोन रांगांत सोफे, संस्थेचे पदाधिकारी आणि प्रमुख पाहुणे. त्यांच्याही पुढे, स्टेजला अगदी लागून, सतरंजीवर केजी-पहिलीची चिल्लीपिल्ली, कारण ती बुटकी आणि मागून त्यांना दिसणार नाही. कर्ण्याच्या काळात कर्णा खांबावर उंच टांगलेला असायचा, त्यामुळे हे चालून जायचं. आता बेसचा खोका जमिनीवर असतो आणि सगळ्यात लहान मूल त्याच्यापासून हातभर अंतरावर. माझ्या मते गॅदरिंगमधली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती कुणाला चूक वाटत नाही.

आकड्यांत सांगायचं तर आवाज दर ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेने कामगारांसाठी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सुचवली आहे. त्याच हिशेबाने १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. उलट मोकळ्या मैदानात खोक्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात. म्हणजे पाच-सहा रांगा मागे सरकणं हा फुकटातला मोठा उपाय. कापसाचे बोळे फारसे कामाचे नाहीत. नागपूरच्या थंडीत घातलेली कानटोपीही नाही, ती थंडी अडवते, आवाज नाही.

कायद्याचं काय? १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानुसार (आता महाराष्ट्र पोलीस कायदा) ध्वनिक्षेपकाच्या परवान्याचा अधिकार पोलिसांकडे आहे. १९८७ मध्ये हवेच्या प्रदूषणाच्या व्याख्येत आवाजाची भर पडली आणि २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम आले: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५०, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. गंमत अशी की शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरलेला होता. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तो राज्य सरकारने जाहीर केला तरच तसा ठरतो. हे नियम मुळात शेजाऱ्यासाठी आहेत. सार्वजनिक जागेवरचा भोंगा मोजायचा तो तिच्या हद्दीवर. सतरंजीवरच्या पोराच्या कानाशी किती डेसिबल, हे त्यात कोणी विचारत नाही. राज्यातल्या शहरांचे आवाजाचे नकाशे तयार करणारी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथलीच, नागपूरची. पण तिचे नकाशेही रस्त्यांचे आणि वस्त्यांचे.

मांडवाच्या आत बसलेल्या माणसाचा विचार आला तो दुसऱ्याच दाराने. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता (ऑटिझम) नव्हती. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ती आली. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने आवाज, प्रकाश, स्पर्श यांना होणारी तीव्र प्रतिक्रिया स्वमग्नतेच्या लक्षणांत धरली होती. त्यामुळे ‘लाडावलेलं पोरगं’ म्हणून ज्याला दटावलं जायचं, त्याच्याकडे बघायची नजर थोडी बदलली. ब्रिटनमधल्या नाट्यगृहांनी याच सुमारास ‘रिलॅक्स्ड’ प्रयोग सुरू केले: आवाज आणि दिवे सौम्य, दार उघडं, येण्या-जाण्याला मुभा. १९२० च्या शिस्तीच्या नेमकं उलट.

आपल्याकडे नवे रिवाज लिहिलेले नाहीत, पण पडू लागलेत. मुलाला आवाज सोसत नसेल तर आदल्या आठवड्यातच वर्गशिक्षिकेला सांगायचं, म्हणजे त्याचा नाच आधी घेता येतो आणि तो विंगेत ताटकळत नाही. मुलाला कानावर घालायचे मफ्स द्यायचे तर रंगीत तालमीलाच घालू द्यायचे, ऐनवेळी नाही. उठायचं तर दोन कार्यक्रमांच्या मधे, निवेदिका बोलत असताना. त्यासाठी आधीपासूनच कडेची, दाराजवळची खुर्ची धरायची. आजी-आजोबांनाही तिथेच बसवावं. श्रवणयंत्र लावणाऱ्याला हा आवाज दुप्पट छळतो. कानांवर हात ठेवलेल्या मुलाचे हात खाली ओढू नयेत, मग शेजारच्या काकू काही का म्हणेनात.

साउंडवाल्याकडे थेट जायचा मोह मात्र टाळावा. ‘मॅडम, सरांनी सांगितलं तेवढंच ठेवलंय’ हे त्याचं ठरलेलं उत्तर असतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. गॅदरिंगचा भार ज्या शिक्षकांवर आहे त्यांना गाठावं, शक्य असेल तर रंगीत तालमीच्या दिवशी. एकच मागणी करावी: चिल्ल्यापिल्ल्यांची सतरंजी खोक्यांपासून मागे सरकवा.