‘पोर्त ना बूकी’ खरंच देवमाशाची धून आहे का?

‘आयर्लंडजवळच्या ब्लास्केट बेटांवरच्या कोळ्यांनी देवमाशाचं गाणं ऐकलं आणि जसंच्या तसं फिडलवर उतरवलं,’ हा मजकूर ‘पोर्त ना बूकी’ या संथ, फार सुंदर धुनेसोबत वर्षानुवर्षं फिरतो आहे.

तो पटतो, याला कारण आहे. तिथल्या होड्या म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं, डांबर लावलेलं कापड. इतक्या पातळ तळातून पाण्याखालचा आवाज वर येऊ शकतो. पण ‘येऊ शकतो’ आणि ‘तोच उतरवला’ यांत मोठं अंतर आहे.

बेटकऱ्यांच्या परंपरेत ही धून परीलोकाकडून मिळालेली आहे. तिला आयरिश शब्दही आहेत आणि त्यांत परीलोकातली बाई बोलते. एका कथेत धून होडीत ऐकू येते, दुसरीत रात्री झोपडीत एकट्या वादकाला. देवमासा त्यात नाही. कुबडवाल्या देवमाशाचं गाणं जगाला माहीत झालं ते १९७० च्या ध्वनिमुद्रिकेमुळे. मुख्य बेट तर १९५३ मध्येच रिकामं झालं होतं. म्हणजे हा खुलासा मागाहून जोडलेला दिसतो.

पडताळायचं तर दोन्ही लागोपाठ ऐका. देवमाशाचे आवाज घसरत, घुमत जातात, एकेक गाणं दहा-वीस मिनिटं चालतं. धुनेला ठरलेले सूर आणि परत येणारे भाग आहेत. शिवाय नर देवमासे आपलं गाणं वर्षागणिक बदलतात. त्यामुळे आजच्या मुद्रणाशी साम्य सापडलं, तरी त्यावरून जुन्या धुनेचा उगम सिद्ध होत नाही.