मार्था आणि मरीयेविषयीचा एक गैरसमज

बायबलमधल्या एका गोष्टीत येशू घरी आला असता मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते, तर तिची बहीण मार्था पाहुणचारात राबते आणि तक्रार करते; तेव्हा येशू मरीयेची बाजू घेतो. येशूने घरकामात राबणाऱ्या मार्थेला कमी लेखले, म्हणून देवाचे सान्निध्य प्रार्थनेतच लाभते आणि सेवा दुय्यम ठरते, असा समज ठाण्यातल्या ख्रिस्ती घरांतही आढळतो. ही गोष्ट सांगणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात मात्र तिच्या चिंतेवर आणि दगदगीवर बोट ठेवले आहे, कामावर नव्हे. आणि लगतच्या आधीच्याच दाखल्यात वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्टी बांधणारा शोमरोनी (यहुदी ज्यांना परके मानत त्या समाजातला माणूस) आदर्श ठरतो. योहान 11:27 मध्ये येशूला ख्रिस्त म्हणून कबूल करते तीही हीच मार्था. योहान 12:2 मध्ये ती पुन्हा जेवण वाढते आहे आणि तेव्हा तिला कोणी टोकत नाही. ‘लहानातल्या लहानासाठी जे केले ते माझ्यासाठी केले’ हे मत्तय 25:40 मधले येशूचे म्हणणे ध्यानात घेता, रुग्णालयात अनोळखी आजाऱ्याला चमच्याने पेज भरवणाऱ्या बाईला चुकलेल्या प्रार्थनेची टोचणी लावणे मला अन्यायाचे वाटते.