कानात आवाज येतो? मग कानांत बोळे घालू नका

बाहेर काहीही वाजत नसताना कानात शिट्टी, सूं-सूं किंवा किर्रर्र ऐकू येणं म्हणजे टिनिटस. बहुतेकांचं त्यासोबत ऐकणंही थोडं कमी झालेलं असतं, पण ते लक्षात आलेलं नसतं. आतल्या कानात आवाज टिपून मेंदूकडे पाठवणाऱ्या सुमारे 15,000 केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने किंवा वयोमानाने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तिकडचे संदेश आटले की मेंदू श्रवणमार्गाची संवेदनशीलता वाढवतो आणि मज्जातंतूंची एरवी न जाणवणारी हालचाल आवाज म्हणून ऐकू येते, असं आज बहुतेक संशोधक मानतात.

शांततेत हे आणखी ठळक होतं. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तेव्हा 94 टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला!

काहींना याच्या जोडीने बाहेरचे साधे आवाजही सोसवत नाहीत. भांडी आदळली, लोकलचा भोंगा वाजला की कान दुखतो. याला हायपरअक्युसिस म्हणतात. मग माणूस दिवसभर बोळे घालून वावरतो आणि त्रास वाढत जातो. 2003 च्या एका प्रयोगात निरोगी लोकांनी दोन आठवडे इअरप्लग लावले, तर त्यांचे कान जास्त हळवे झाले. ज्यांनी मंद खरखर ऐकवणारी यंत्रं लावली त्यांची सहनशक्ती मात्र वाढली.

म्हणून घरात पूर्ण शांतता ठेवू नका. रात्री पंखा किंवा पावसाचा ध्वनी उशीपासून हातभर लांबच्या स्पीकरवर लावा. तो कानातल्या शिट्टीपेक्षा किंचित खाली हवा, म्हणजे दोन्ही ऐकू येतील. शिट्टी बुडवायला आवाज चढवला तर मेंदूला तिची सवय होत नाही. कान फार हळवे असतील तर जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजावर दिवसातून दोन-तीनदा 10-15 मिनिटं ऐका आणि पातळी आठवड्यांच्या हिशेबाने वाढवा. नंतर दुखणं रेंगाळलं तर मागच्या पातळीवर या.

इअरप्लग खऱ्या गोंगाटासाठी राखून ठेवा. 85 डेसिबलला सुरक्षित मर्यादा 8 तासांची, पुढे दर 3 डेसिबलला ती निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. विसर्जनाच्या ढोल-ताशांजवळ उभं राहायचं तर फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागे ओढा, प्लग आत सारा आणि तो फुगेपर्यंत 30 सेकंद धरून ठेवा. अर्धवट बाहेर राहिलेला प्लग जवळपास निकामीच. कापूस तर आवाज फारसा अडवतच नाही.

ऐकणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा, कारण स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दिवसांतच जास्त होतो. एकाच कानात आवाज असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड होत असेल किंवा चक्कर येत असेल तरीही तपासणी टाळू नका. कधी नुसता मळ काढूनही आराम पडतो. तो काडीने कोरू नका. शिट्टी थांबवणारं सिद्ध औषध आज नाही. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) किंवा झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्रास आणि झोपमोड कमी करायला सर्वांत भक्कम पुरावा आहे तो बोधात्मक वर्तन उपचाराचा, म्हणजे सीबीटीचा. यात समुपदेशक त्रासाकडे बघण्याचे विचार आणि सवयी बदलायला शिकवतो. ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्रानेही पुष्कळांना बरं वाटतं.

मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला श्रवण-वाचा दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचा श्रवण-वाचा विभाग आहे. शिट्टीने जीव नकोसा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर चोवीस तास मोफत बोलता येतं. तपासणीला गेल्यावर ऑडिओलॉजिस्टला (श्रवण तपासणाऱ्या तज्ज्ञाला) आधीच सांगा की मोठे आवाज सोसत नाहीत. कानाच्या स्नायूंच्या प्रतिक्षेपाची चाचणी, म्हणजे मोठ्या आवाजाने कानातला स्नायू आपोआप आकसतो का ते पाहणं, 100 डेसिबलपर्यंत जाऊ शकते. ती पुढे ढकलता किंवा वगळता येते.