‘आमची नुसतीच बसून असते!’

“मावशी, तिला न्यायचं की नाही ते तूच सांग. तीन गुरुवार झाले. जाते, माझ्या मांडीवर बसते, तासाभराने उठून घरी येते. बाकीची मुलं बघ कशी हुंदडतात!”

भाचीचा फोन. तिची लेक चिऊ आता पंधरा महिन्यांची आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या त्यांच्या सोसायटीत दर गुरुवारी सकाळी साडेदहाला आया आपापली मुलं घेऊन हॉलमध्ये जमतात. वर्ग नाही, फी नाही, शिकवणारं कुणी नाही. मोठी सतरंजी, प्लास्टिकचा एक टब आणि त्यात घराघरातून आलेला ऐवज: स्टीलच्या वाट्या, डब्यांची झाकणं, राजमा भरून घट्ट बंद केलेल्या बाटल्या, कपड्यांचे मोठे चिमटे. म्हटलं, उत्तर देण्याआधी बघून तरी यावं. वही घेऊन एक गुरुवार मी भिंतीला टेकून बसले.

दहा-अकरा मुलं होती, एक ते अडीच वर्षांची. मराठीत तान्हं बाळ आहे, रांगतं बाळ आहे, पण या वयाला आपण नाव देत बसलो नाही, पावलांचा आवाजच घेतला. दुडुदुडु. आवाज अचूक आहे हे पाच मिनिटांत पटलं. सी विंगमधला एक पठ्ठ्या डोक्यावर रिकामी वाटी टोपीसारखी ठेवायचा, टबापासून खिडकीकडे निघायचा, चौथ्या पावलाला वाटी खण्णकन पडायची, सहाव्याला तो स्वतः. मग वाटी उचलायची, परत डोक्यावर. खिडकीपर्यंत तो शेवटपर्यंत पोचला नाही आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी चालणं शिकणाऱ्या मुलांची पावलं खरोखर मोजली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना तासाला सरासरी 2368 पावलं टाकत होती, सुमारे 700 मीटर अंतर कापत होती आणि 17 वेळा पडत होती. एका तासात! तुम्ही-आम्ही एका तासात सतरा वेळा पडलो तर अंथरुणच धरू. पुढच्या अभ्यासांत त्यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त आवडते. ही मुलं बहुतेक वेळा कुठे जायला म्हणून चालतच नाहीत. दोन-तीन पावलं टाकतात, अधेमधेच थांबतात, वळतात. खोली खेळण्यांनी भरलेली असो की रिकामी, चालणं तेवढंच. खेळणी महागडी आणावीत की नाही यावर त्या दिवशी आयांमध्ये बरीच चर्चा झाली. मी काही बोलले नाही, पण टबातल्या वाट्यांवर माझा भरवसा वाढला.

अकराच्या सुमाराला पहिली मारामारी झाली. कारण, निळं झाकण. टबात तशीच निळी झाकणं दोन होती. एक मुलगी ते वाजवत होती, दुसरीने येऊन ओढलं. आईने चटकन तसंच दुसरं झाकण पुढे केलं, “हे घे गं राणी, अगदी सेम!” राणीने ते फेकून दिलं. हवं होतं ते पहिलीच्याच हातातलं.

आयांच्या अशा वेळच्या चेहऱ्यांवर वेगळा लेख होईल. जिचं मूल ओढतं त्या आईला मेल्याहून मेल्यासारखं होतं, जिचं रडतं ती “असू दे, असू दे” म्हणत हसते. पण या ओढाओढीकडे संशोधकांनी फार बारकाईने पाहिलंय. डेल हे आणि हिल्डी रॉस यांनी 1982 साली 21 महिन्यांच्या मुलांच्या जोड्यांमधली भांडणं टिपली. जवळ हुबेहूब तसंच खेळणं पडलेलं असतानाही मुलांना दुसऱ्याच्या हातातलं, किंवा त्याने नुकतंच खाली ठेवलेलं खेळणं हवं असे. भांडण वस्तूवरून दिसतं, पण ओढ असते ती समोरच्या मुलाच्या करण्याची. त्याच्या हातात आल्यामुळे त्या झाकणाला जी काही चमक आली, ती हवी असते. (मोठेपणी हीच चमक आपल्याला दुसऱ्याच्या ताटातल्या भजीवर दिसते, पण तेव्हा आपण ओढत नाही, नुसतं बघतो.)

आणि “माझं!” हा शब्द. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडी तो आला की घरात काळजीचं वातावरण, मूल स्वार्थी निघणार की काय! लॉरा लेव्हिन यांनी 1983 साली दोन वर्षांच्या मुलग्यांच्या जोड्या खेळताना पाहिल्या. त्याआधी प्रत्येकाची ‘मी’ची समज तपासली होती: आरशातलं रूप आपलंच आहे हे कळतं का, मी-तू बरोबर वापरता येतं का. ज्यांची ही समज पुढे गेलेली, तीच मुलं खेळण्यांवर जास्त हक्क सांगत होती. मी म्हणजे वेगळा कुणीतरी, हे उमगल्याशिवाय माझं-तुझं येणार कुठून? त्यामुळे निळ्या झाकणाच्या प्रसंगात एका जिवाला नुकतीच स्वतःची हद्द सापडली होती आणि त्याने तिथे मोठ्याने ठणाणा करून खांब रोवला, एवढंच झालं.

“पण मावशी, ही मुलं एकमेकांशी खेळतच नाहीत की. नुसती शेजारी शेजारी बसतात.” हे शेजारी बसलेल्या एका आईचं म्हणणं. खरं होतं. समोर दोघं जण पाठीला पाठ लावल्यासारखे, एक चिमटे टबात टाकतोय, दुसरा बाहेर काढतोय, एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत.

या खेळाला नाव मिळून नव्वदहून जास्त वर्षं झाली. मिल्ड्रेड पार्टन यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवाडीत मुलांच्या वागण्याची मिनिट-मिनिटाची निरीक्षणं करून 1932 साली त्यांची वर्गवारी मांडली: एकट्याने खेळणं, दुसऱ्याचा खेळ नुसता बघणं, शेजारी बसून समांतर खेळणं आणि पुढे मिळून खेळणं. नुसतं बघणं हाही त्यांच्या यादीतला एक स्वतंत्र प्रकार आहे, हे मी भाचीसाठी वहीत ठळक लिहून घेतलं. समांतर खेळ ही लहान मुलांची कच्ची अवस्था, ती ओलांडली की झालं, असं पुढे बरीच वर्षं मानलं गेलं. पण 1980 साली बेकमन आणि ब्राउनली या संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांचे खेळ एकामागून एक कसे येतात ते तपासलं, तेव्हा समांतर खेळानंतर बऱ्याचदा मिळून खेळणं सुरू होतं असं आढळलं. म्हणजे ते ओट्यावर येऊन बसणं आहे. आधी शेजारी बसायचं, अंदाज घ्यायचा, मग घरात.

घरात शिरण्याची या वयाची युक्ती कोणती, तर नक्कल. बोलता येत नाही, “चल, आपण गाडी-गाडी खेळू” म्हणायची सोय नाही. मग दुसरा करतो ते करायचं. कॅरल एकरमन यांनी त्याच त्या मुलांच्या जोड्या 16 महिन्यांपासून 32 महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिल्या, त्यात 20 ते 24 महिन्यांच्या दरम्यान अशी परस्परांची नक्कल एकदम वाढली. तू उडी मारलीस, मी मारली, तू हसलास, मी हसलो. शब्दांआधीचं हे संभाषण. हॉलमध्येही ते झालंच. दोन वर्षांच्या एकीने सतरंजीवर पालथी बाटली आपटली, लांबून एकाने आपली आपटली, मग पाच मिनिटं हॉलमध्ये राजम्याचा असा काही गजर झाला की वॉचमन डोकावून गेला.

साडेअकराला आया गोल करून बसल्या. हा गोल मी मुद्दाम नीट पाहिला. आधी आपडी-थापडी. मग मुलांना मांडीवर घेऊन एका ठेक्यात वरखाली झुलवायचं. आपण हे लाड म्हणून करतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लॉरा सिरेली आणि लॉरेल ट्रेनर यांच्या गटाने त्याचा प्रयोग केला, 2014 साली तो प्रसिद्ध झाला. 14 महिन्यांचं बाळ एका मदतनिसाच्या छातीशी, तोंड बाहेर करून बांधलेलं. गाण्याच्या ठेक्यावर त्याला अडीचेक मिनिटं झुलवायचं. समोर एक अनोळखी बाई उभी. काही बाळांसमोर ती त्यांच्याच ठेक्यात झुलायची, काहींसमोर मुद्दाम वेगळ्या गतीत. त्यानंतर ती बाई कपडे वाळत घालू लागायची आणि “चुकून” चिमटा खाली पाडायची. तिच्या ठेक्यात झुललेली बाळं चिमटा उचलून द्यायला जास्त वेळा पुढे आली. प्रयोगाशी काहीच संबंध नसलेल्या तिसऱ्या माणसाला मात्र ही जास्तीची मदत मिळाली नाही. म्हणजे संगीताने बाळ सरसकट गोड झालं असा मामला नाही. अडीच मिनिटं बरोबर डोललेल्या माणसाला त्याने आपलं मानलं.

चिमटा पाडून बघण्याची चाल जुनी आहे. जर्मनीत लाइपझिगला फेलिक्स वॉर्नकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 साली 18 महिन्यांच्या 24 मुलांसमोर असे निरनिराळे छोटे घोळ घातले. 24 पैकी 22 मुलांनी एकदा तरी मदत केली, तीही कुणी न मागता, शाबासकी न देता. तुमच्या गच्चीवर करून बघा. चिमटा टाकल्यावर मात्र थांबा, लगेच “दे ना बाळा” म्हणू नका.

गोलातल्या आयांबद्दल लिहायचं राहिलं. मुलांसाठी येतो असं सगळ्याच म्हणतात. पण मुलं वाट्यांत गुंतल्यावर जे चाललं होतं ते असं: एकीने विचारलं, तुमचा रात्री किती वेळा उठतो? तीन जणी एकदम बोलल्या. विचारणारीचे खांदे खाली आले, ते मला दिसलं. ब्रिटनमध्ये डेझी फॅन्कोर्ट आणि रोझी पर्किन्स यांनी प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणं असलेल्या 134 आयांवर 10 आठवड्यांचा प्रयोग केला. काही जणी बाळांसह एकत्र गायच्या, काही जणी एकत्र खेळाच्या गटात जायच्या, काहींना नेहमीचे उपचार. 2018 साली आलेले निष्कर्ष जरा जपून वाचावे लागतात, कारण सगळ्या आया धरल्या तर गटांत मोठा फरक नव्हता. पण ज्यांचा त्रास मध्यम ते तीव्र होता, त्यांच्यात गाणाऱ्या आया नेहमीच्या उपचारांवरच्या आयांपेक्षा लवकर सावरल्या. अर्थात गुरुवारचा गोल हे काही औषध नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असं काळवंडलेलं राहिलं तर डॉक्टरकडेच जायचं.

माणसाचं मूल एकट्या आईने वाढवायचं नसतंच, असं मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांचं म्हणणं आहे. मध्य आफ्रिकेतल्या इटुरीच्या जंगलातल्या एफे लोकांत चार महिन्यांचं बाळ निम्म्याहून जास्त वेळ आईखेरीज कुणाच्या ना कुणाच्या अंगाखांद्यावर असतं, हे 1987 साली नोंदलं गेलंय. आपल्याकडे वाड्यात तेच होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कडेवर मी किती वेळ होते, हे माझ्या आईलाही सांगता आलं नसतं. फ्लॅटचं दार बंद झालं, काकू गेल्या. गुरुवारी त्या तासाभरासाठी परत येतात.

अशा गटांचा रोकडा हिशोबही कुणीतरी मांडलाय, तोही आपल्या देशात, पण गोष्ट सुरू होते दूर जमैकात. तिथे किंग्स्टनमध्ये 1980च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खुंटलेल्या वाढीच्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका पाठवल्या. दर आठवड्याला एक तास, दोन वर्षं, आईबरोबर बसून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी खेळायचं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा 25 टक्के जास्त भरली. पण घरोघर जाणं महाग. म्हणून पुढे ओडिशातल्या 192 गावांत मोठी तुलना झाली. काही गावांत घरभेटी, काही गावांत तोच कार्यक्रम आयांच्या गटात, गावातल्याच बायका चालवणार. 2020 साली निकाल आले. मुलांची समज आणि भाषा दोन्हीकडे जवळपास सारखीच सुधारली. खर्च मात्र घरभेटीला मुलामागे वर्षाला 135 डॉलर, गटाला 38. नुसतं पोषणाचं मार्गदर्शन मिळालेल्या गावांत समज-भाषेत असा फायदा दिसला नाही.

ओडिशाचे आकडे वाचताना मला सारखं पालघर जिल्ह्यातलं आपलं बोर्डी आठवत होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली तिथे काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. टाकाऊ वस्तू, शिंपले, पानं, बिया हेच साहित्य. आणि अंगण म्हटलं की आया, आज्या भोवती आल्याच.

राहता राहिली सर्दी. एकाची सगळ्यांना लागते. या वयात वर्षाला 6 ते 8 वेळा नाक वाहणं हे डॉक्टर तसंही नेहमीचं धरतात. ताप असेल त्या गुरुवारी घरी थांबा, बाकी बाटल्या धुऊन घ्या.

आता चिऊ. तासभर ती खरंच मांडीवरून उतरली नाही. पण मी मधूनमधून तिचे डोळे कुठे जातात ते लिहीत होते. सी विंगचा वाटीवाला जिथे जाईल, तिथे तिची मान वळत होती. वाटी पडली की तिचे ओठ किंचित हलायचे.

सिएटलमध्ये एलिझाबेथ हॅना आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी 14 महिन्यांच्या काही बाळांना खेळण्यांची खास करामत शिकवून ‘तज्ज्ञ’ बनवलं. मग पाळणाघरात बाकीच्या बाळांसमोर त्या तज्ज्ञांनी ती करून दाखवली. बघणाऱ्यांना खेळण्याला हात लावू दिला नाही, नुसतं बघायचं. 48 तासांनी त्या बाळांच्या घरी, वेगळ्याच माणसाने तीच खेळणी पुढे ठेवली, आणि बाळांनी ती करामत करून दाखवली. हा अभ्यास 1993चा.

हे सगळं भाचीला सांगावं म्हणून शनिवारी रात्री मी फोन हातात घेतला, तर तिचाच व्हिडिओ आला होता. चिऊ जेवणाच्या खुर्चीत ताठ बसलेली. तिने समोरची वाटी दोन्ही हातांनी उचलली, डोक्यावर पालथी घातली आणि दाद मिळतेय का म्हणून सगळ्यांकडे बघितलं.

वाटीत वरण होतं.